नऊ तास चाळीस मिनिटं

आमच्या ऑफिसात कामावर जीव असलेला एकच माणूस होता, अंतरकाका, आणि त्या कामानेच त्यांचा घात केला. मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले, तेव्हा हे सांगायचं काम माझ्याकडेच येतं.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरचा दुसरा मजला. सहा टेबलं, सहा संगणक, एक खिडकी आणि त्या खिडकीतून दिवसभर वर येणारा रबराचा वास. काम सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. जगातले कुठलेही दोन विमानतळ घ्यायचे आणि त्यांच्यातलं अंतर किती, प्रवासाला वेळ किती, हे सांगणारं एक पान तयार करायचं. ते पान इंटरनेटवर चढतं, कुणीतरी कुठेतरी ते शोधतं, बाजूच्या जाहिरातीवर त्याचं बोट पडतं आणि त्यावर आमच्या घरच्या चुली पेटतात. दिवसाला साठ जोड्या. आमचे साहेब, त्यांना आम्ही पाठीमागे मुकादम म्हणायचो, संध्याकाळी येऊन फक्त आकडा विचारायचे. एकोणसाठ सांगितले तर चष्मा काढून पुसायचे. ती त्यांची शिवी.

आमच्यातल्या निम्म्यांनी विमान खालूनच पाहिलेलं. मी दोनदा बसले होते, अंतरकाका एकदाही नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त आम्हाला उंटसुद्धा दिलेला नव्हता.

वेळ काढायची रीत मात्र ठरलेली होती, आणि या गोष्टीची गोम तिथेच आहे म्हणून नीट सांगते. नकाशावर दोन ठिपके. त्यांच्यामध्ये पृथ्वीवरून सरळ दोरी ताणली तर जितकी भरेल, तितकं अंतर. त्याला ताशी आठशे किलोमीटरने भागायचं. वर चढण्या-उतरण्याची तीस मिनिटं मिळवायची. झाला प्रवासाचा वेळ. त्या दोन ठिपक्यांमध्ये विमान खरोखर जातं का, हे विचारायचं नाही. ते आमच्या कामात बसत नव्हतं. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात ‘प्रत्यक्ष वेळ वेगळा असू शकतो’ असं लिहिलं की आपण सुटलो.

एकदा यंत्रानेच यादी बनवली आणि त्यात एका विमानतळाची जोडी त्याच विमानतळाशी लावली. कुणी लक्ष दिलं नाही. पान चढलं: अंतर शून्य किलोमीटर, प्रवासाचा वेळ तीस मिनिटं. आम्ही आठवडाभर हसलो. अंतरकाका हसले नाहीत. म्हणाले, "रीतीप्रमाणे बरोबर आहे."

असा माणूस. अंगाने काटकुळा, बारा महिने तोच राखाडी स्वेटर, कानावर पेन्सिल. संगणकावर काम करणाऱ्याला पेन्सिल कशाला लागते हे विचारायचं मी दुसऱ्या वर्षी सोडून दिलं. हजारो जोड्या त्यांना तोंडपाठ. चहाच्या वेळी पोरं त्यांना कुठलीही दोन नावं टाकायची आणि काका बिस्किट बुडवता बुडवता किलोमीटर सांगायचे. कुणाची बायको माहेरी गेली तर लोक विचारतात, कधी येणार, हे विचारायचे, "किती अंतर?" स्वतःचं घर ऑफिसपासून चालत सव्वादोन किलोमीटर, "पण सरळ रेषेत पावणेदोनच." जणू रोज संध्याकाळी ते गच्च्यांवरून उडत जाणार होते.

रोज सकाळी आल्या आल्या, कोट खुंटीला लावायच्या आधी, ते संगणकावर काहीतरी एक बघायचे. एक मिनिट. मग मान हलवायची, पडद्यावरचं ते पान मिटवायचं आणि कामाला लागायचं. मला वाटायचं, राशिभविष्य बघत असतील. असतं एकेकाचं.

मग एका शुक्रवारी, चहा यायच्या आधी, त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"अगं, तुला ती तिकिटं काढता येतात ना? जरा एक बघून देतेस?"

"कुणाचं?"

"काकूचं. लेकीकडे जायचंय. तिला सात आठवड्यांनी बाळ होणार आहे."

मी अभिनंदन केलं, ते त्यांच्या कानापर्यंत पोचलं नाही. त्यांची लेक तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी दूर गेली होती हे मला माहीत होतं. मी दोन्ही विमानतळ टाकले, तारीख टाकली आणि पडद्याकडे बघत बसले. पहिलं विमान दोन तासांचं, तेही उलट दिशेला. तिथे सहा तास थांबायचं. मग दहा तासांचं मोठं विमान. मग सात तास बाकावर. मग आणखी तीन तासांचं तिसरं विमान. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो असा.

"काका, अठ्ठावीस तास होतायत. थेट विमानच नाहीये."

"माहितीये."

"विमानतळावर तीन तास आधी जायचं, उतरल्यावर पुन्हा..."

"दोन तासांची बस. दारापासून दारापर्यंत तेहतीस." एवढं बोलून त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. "काकूला नऊ तास चाळीस मिनिटं सांगितलंय मी. तीन वर्षांपूर्वी."

आम्ही जिन्यात जाऊन उभे राहिलो. तिथे टायरवाल्याचा पंप चालू असला की आतल्यांना बाहेरचं ऐकू येत नाही. काकांनी सगळं सांगितलं. तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. माणूस किती थकलेला असू शकतो आणि तरी वेळेवर कामाला येऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

लेकीला नोकरीचं पत्र आलं तेव्हा काकूंनी एकच अट घातली होती. त्यांची स्वतःची आई गेली तेव्हा त्या दोन दिवस उशिरा पोचल्या होत्या, आणि ते दोन दिवस त्यांच्या आयुष्यातून पुढे कधी गेले नाहीत. म्हणून त्या म्हणाल्या, "जिथून एका दिवसात घरी येता येतं, तिथवर खुशाल जा. त्याच्यापुढे नाही." लेक रडवेली झाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन काकांनी यादीत नसलेली एक जोडी स्वतःहून घातली. अकरा वर्षांत यादीबाहेर केलेलं त्यांचं ते एकमेव पान. अंतर सात हजार तीनशे तीस किलोमीटर. प्रवासाचा वेळ नऊ तास चाळीस मिनिटं. रीतीप्रमाणे अगदी बरोबर. ते छापून घरी नेलं आणि बायकोपुढे ठेवलं. छापलेला कागद बघितल्यावर काकू विरघळल्या. कागद फ्रिजवर लागला आणि लेक गेली.

"तळाची ओळ?" मी विचारलं.

"चुंबकाखाली आली."

मला हसूही आलं आणि संतापही. "तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"थेट विमान सुरू होईल असं वाटलं गं. एवढी मोठी दोन शहरं. आज ना उद्या होईलच. मग ते खोटं राहणार नाही."

म्हणजे रोज सकाळी कोट काढायच्या आधी ते हे बघत होते. तीन वर्षं, रोज, थेट विमान सुरू झालं का.

एक खोटं झाकायला मग दुसरं लागलं, दुसऱ्याला तिसरं. लेक पहिल्यांदा निघाली तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला काकांनी सांगितलं, पोचली, दमून झोपलीय, संध्याकाळी फोन करेल. लेक त्या वेळी ढगात होती. लेकीलाही त्यांनी बांधून घेतलं: आईला बोलू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल. अळीमिळी गुपचिळी. बापाच्या शब्दाखातर पोरगीही मूग गिळून बसली.

इथवर असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, कुठल्या घरात असं एखादं भिजत घोंगडं नसतं? पण दीड वर्षापूर्वी काकूंच्या पायात रक्ताची गाठ झाली आणि ती फुप्फुसात गेली. सोमवारी रात्री त्यांना दवाखान्यात नेलं, लेकीला लगेच कळवलं. ती मिळेल त्या पहिल्या विमानाने निघाली आणि बुधवारी दुपारी पोचली. काकू नळ्या लावून पडल्या होत्या, पण डोकं शाबूत होतं. नऊ तास चाळीस मिनिटं. मंगळवारी सकाळी नाही तर दुपारी तरी दारात हवी होती. आली बुधवारी.

लेक खाटेजवळ आली तेव्हा काकू म्हणाल्या, "आलीस? मिळाला का वेळ?"

लेकीने बापाकडे बघितलं. काकांनी खाली बघितलं. लेक म्हणाली, "हो आई. जरा उशीर झाला."

आठ दिवस राहिली, उशाशी बसून सगळं केलं, परत गेली. तेव्हापासून फोनवर मायलेकींचं बोलणं म्हणजे हवा कशी आहे आणि गोळ्या घेतल्या का. काकू घरात म्हणायच्या, "नऊ तासांवर असून तिसऱ्या दिवशी आली. मी मेले असते तर मला नाही, माझ्या फोटोला भेटली असती." आणि काका भाजीची पिशवी उचलून बाहेर जायचे.

"आणि हे ऐकून तुम्ही गप्प बसलात?" माझा आवाज चढला. खाली पंप बंद झाला होता, त्यामुळे तो बहुतेक रस्त्यापर्यंत गेला.

"आधी म्हटलं, बरी होऊ दे. बरी झाल्यावर वाटलं, आता कुठे सावरतेय. मग वेळच निघून गेली."

"आता मात्र सांगा."

"आता तर सांगताच येत नाही." त्यांनी कठड्याला धरलं. "डॉक्टर म्हणाले, दहा तासांच्या आतला प्रवास असेल तर दाबाचे मोजे घालून, तासातासाला उठून चालून, जायला हरकत नाही. त्याच्या वर अजिबात नाही. जीवाशी खेळ आहे. काकूने फ्रिजवरचा कागद पर्समधून नेला आणि डॉक्टरांपुढे धरला. त्यांनी वाचला आणि लिहून दिलं, प्रवास करू शकतात."

एका डॉक्टरने माझ्या शेजारच्या टेबलावर बनलेल्या पानावर सही केली होती. इतकी वर्षं रोज साठ पानं, आणि कुणी ती खरी धरत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

गाठ कशी बसली होती बघा. सांगितलं तर काकूंचं जाणं बंद. पहिलं नातवंड, सात आठवडे, आणि काकू दीड वर्षात पहिल्यांदा खुशीत होत्या. नाही सांगितलं तर तसला पाय घेऊन तेहतीस तास. आणि लेकीवरचा आळही तसाच. काकांना वाटत होतं मी एखादी तिसरी वाट काढीन, कुठलं तरी लहानसं विमान, कुठला तरी आडमार्ग. मी शनिवारचा दिवस त्यात घातला. नाही मिळाली. सगळ्यात जवळची सव्वीस तासांची होती.

"रविवारी घरी ये," ते म्हणाले. "मी एकटा असलो की माझ्या तोंडून निघत नाही."

मला कुठे हौस होती! आठवड्यातला एक दिवस पाय पसरून बसायला मिळतो, त्यात दुसऱ्याच्या घरची होळी बघायला कोण जाईल? पण गेले. तिकिटाची खरी माहिती छापून घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, नीटनेटकं. दारातच एक निळी बॅग उघडी ठेवलेली, तिच्यात अर्धं सामान भरलेलं. वरती तीन इवलेसे स्वेटर, एक पिवळा, एक पांढरा, एकाची बाही व्हायची होती. काकू सोफ्यावर पाय समोरच्या स्टुलावर घेऊन बसल्या होत्या. गोल चेहऱ्याच्या, करड्या आवाजाच्या बाई. मला बघून उठायला लागल्या, मी खांदा दाबून खाली बसवलं.

"ये गं. काढलंस का तिकीट?" त्यांनी विचारलं. "हे बघ, खिडकीची जागा नको. मला दर तासाला उठायचंय. नऊ वेळा उठायचं. मी सराव करतेय घरात."

आणि खरंच, टेबलावर स्वयंपाकघरातलं घड्याळ ठेवलेलं होतं, तासाला वाजणारं. ते वाजलं की या उठून खोलीत चार फेऱ्या मारायच्या.

काकांनी चहा केला. कप आणले. साखर विसरले, परत गेले. चमचा विसरले, परत गेले. मग बसले. मग खिडकी लावायला उठले. मी हवेचं बोलले, माझ्या गुडघ्यांचं बोलले, मुकादमांच्या चष्म्याची नक्कल केली. काकू मनापासून हसल्या. काका कपातल्या चहाकडे बघत होते आणि त्यावर साय धरत होती. मी त्या घड्याळाकडे बघितलं. दारातून आत आल्याला बरोबर अर्धा तास झाला होता. एकाच घरात, समोरासमोर दोन माणसं. शून्य किलोमीटर, तीस मिनिटं. आमचं ते एकच पान खरं निघालं.

"अगं," काका म्हणाले, "ते नऊ तास चाळीस मिनिटं नाहीत."

"मग? दहा झाले?"

"तेहतीस."

काकूंना वाटलं गंमत चाललीय. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्समधून कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. पहिलं विमान, थांबा, दुसरं विमान, थांबा, तिसरं. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग काकांनी बाकीचं सांगितलं, रीतीपासून रोज सकाळच्या त्या एका मिनिटापर्यंत, काहीही न गाळता. हळू बोलले, पण थांबले नाहीत. तीन वर्षांचं ओझं उतरवतानाही माणूस धापच टाकतो.

मला वाटलं होतं, काकू आता नातवंडाचं बोलतील. रडतील, नाही तर डॉक्टरांच्या नावाने काही म्हणतील. त्या कागदाकडेच बघत होत्या.

"म्हणजे तिलाही एवढेच लागतात?" त्यांनी विचारलं. "इकडे यायला?"

"हो."

"त्या वेळी पण?"

काकांनी मान हलवली.

काकूंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. सोमवार रात्र. मग ओठ हलले. मंगळवार. बोट अर्ध्यावर थांबलं. त्यांचा चेहरा असा काही झाला की मी नजर वळवली.

"ती कुठे थांबलीच नव्हती," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि मी तिला काय म्हणाले? नळ्या लावून पडले होते तरी जीभ चालली माझी." मग काकांकडे वळून, आवाज न चढवता, "तुम्ही मला पोरीशी वाईट वागायला लावलंत. दीड वर्षं. मला थांबवलं का नाही हो? मी रोज बोलत होते, तुम्ही पिशवी घेऊन भाजी आणायला जात होतात."

"चुकलं माझं," काका म्हणाले.

"चुकलं नाही. चुकणं एकदा होतं."

मी काकूंच्याच बाजूची होते, आणि तरी त्या काटकुळ्या माणसाकडे बघून मला भडभडून आलं. लेक जावी म्हणूनच तर केलं होतं त्यांनी. तिचा जीव तिथे रमावा, हिचा इथे, आणि मध्ये आपण एक कागद धरून उभं राहू, असं वाटलं असेल. काय म्हणावं अशा माणसाला? वेडा म्हणावं. मी तर मनात बरंच काही म्हटलं.

तेवढ्यात ते तासाचं घड्याळ वाजलं. काकूंनी सवयीने पाय खाली घेतले, उठल्या, दोन पावलं टाकली आणि थांबल्या. कशासाठी चालायचं ते आता उरलं नव्हतं. मग आणखी चार पावलं चालून बॅगेशी गेल्या, वरचे तीन स्वेटर उचलले आणि छातीशी धरून परत सोफ्यावर बसल्या.

"हे पोस्टाने जातात ना?" त्यांनी मला विचारलं.

"जातात काकू."

"किती दिवस लागतात? खरे सांग."

"तीन आठवडे. एखादा दिवस इकडे तिकडे."

"मग बाही होते तोवर." त्यांनी नाक ओढलं, चष्मा पुसला. "फोन लावा तिला."

काकांनी लावला. तिथे सकाळ होती, सुट्टीचा दिवस. त्यांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. पलीकडून लेकीचा आवाज आला, तो मोठ्याने ऐकू येत होता, कारण काकूंना फोनवर कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठाच ठेवलेला असायचा.

"आई, कशी आहेस? गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या."

"इथे हवा जरा..."

"हवेचं राहू दे." काकू थांबल्या. स्वेटरची अर्धी बाही बोटांत गुंडाळत होत्या. "त्या वेळी दवाखान्यात आलीस ना, खूप दमली होतीस ना गं?"

काका दारातून एक पाऊल पुढे आले.

"बाबांनी सांगितलं?" लेक म्हणाली.

"सांगितलं."

"हो आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पार लहान मुलीसारखा झाला. "खूप दमले होते."

"मला येता यायचं नाही गं बाळाला बघायला. माझा पाय एवढं सोसायचा नाही. ते आपण नंतर बोलू. आधी तू मला सांग. घरातून निघालीस तिथपासून सगळं सांग."

लेकीने सांगायला सुरुवात केली. टॅक्सी मिळाली नाही, बसमध्ये उभी होते. पहिल्या विमानात शेजारच्या बाईने रुमाल दिला. काकू मध्येच विचारायच्या, मग? मग कुठे बसलीस? कुणी होतं का सोबत? काय खाल्लंस? काही नाही खाल्लं म्हटल्यावर म्हणाल्या, "सात तास तिथे नुसती बसून होतीस आणि काही खाल्लं नाहीस?" आणि तिला रागावल्या, दीड वर्षांनी पहिल्यांदा मनापासून रागावल्या. पलीकडे ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. काकू म्हणाल्या, रड, घाई नाही, पुढचं सावकाश सांग.

मी कप उचलून आत नेले आणि धुतले. फ्रिजवर आता नुसतं चुंबक होतं, कागद अजून काकूंच्या पर्समध्येच असणार. काका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. बसा म्हटलं तर मान हलवून नको म्हणाले. लेक दवाखान्याच्या दारापाशी पोचेपर्यंत पाऊण तास गेला, तोवर ते तसेच उभे राहिले.

"आणि मग मी खोलीत आले," लेक म्हणाली.

"थांब," काकू म्हणाल्या. त्यांनी स्वेटर बाजूला ठेवले आणि फोन दोन्ही हातांनी धरला. "आता मी बोलते. आलीस गं बाई? ये. बस माझ्याजवळ."